अंगावर ओरखडासुद्धा नव्हता

"मॅडम, अंगावर ओरखडासुद्धा नाही, मग माणूस गेला कसा?"

सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी केली, तिथे हा प्रश्न मला भाऊ, दीर, शेजारी, कधी सरपंच अशा कुणी ना कुणी विचारलेला आहे. विचारणारा बहुधा त्या घरातला सगळ्यात खंबीर माणूस असतो. बाकीचे लिंबाखाली बसलेले असतात आणि हा एकटा कागदपत्रांच्या मागे फिरत असतो. दुचाकीच्या अपघातानंतर उचलून आणणाऱ्यांत तोच असतो, त्यामुळे हातपाय धड आहेत हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कोपर थोडं खरचटलंय, पँटचा गुडघा फाटलाय, बास. अपघात म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं इथे काहीच नसतं. म्हणून संशय येतो. डॉक्टरांनी हयगय केली असेल, कुणीतरी डोक्यात घातलं असेल, नाहीतर आधी अटॅक आला असेल आणि मग गाडी पडली असेल.

तालुक्याला शवविच्छेदनासाठी वेगळा तज्ज्ञ नसतो. मेडिकल कॉलेजात न्यायवैद्यकशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो, त्यात एम.डी. झालेली माणसं असतात. आमच्याकडे रात्री बाळंतपण केलेला आणि सकाळी ओपीडीत खोकला-ताप बघितलेला डॉक्टरच दुपारी 'पीएम' करतो. हवालदार मरणोत्तर पंचनामा घेऊन येतो, मामा (शवागारात मदत करणाऱ्याला आमच्याकडे सगळे मामाच म्हणायचे) कुलूप काढतात आणि काम सुरू होतं. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायला केंद्राने नोव्हेंबर २०२१मध्ये मुभा दिली, पण ती पुरेसा उजेड आणि सोयी असलेल्या ठिकाणांना. आमच्या खोलीत ट्यूबलाइट एक. त्यामुळे संध्याकाळी आलेला मृतदेह सकाळपर्यंत थांबायचा आणि त्याच्याबरोबर निम्मं गाव आवारात जागं राहायचं.

कवटी उघडण्याआधी केसांतून बोटं फिरवायची असतात. दाट केसांत सूज दिसत नाही, पण हाताला लागते. मग एका कानामागून दुसऱ्या कानामागे चीर घेऊन डोक्याची कातडी सोडवली की बाहेरून न दिसलेलं सगळं समोर येतं. कातडीच्या आतल्या बाजूला काळपट रक्त पसरलेलं असतं. कवटीला तडा असतो, कधी इतका बारीक की त्यात अडकलेल्या रक्तामुळेच तो ओळखू यावा. वरची टोपी काढून मेंदू उचलला की कवटीचा तळ दिसतो, आणि दुचाकीवाल्यांच्या बाबतीत खरी मेख पुष्कळदा या तळातच असते. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तळ आडवा फुटतो आणि पुढचा भाग मागच्या भागापासून सुटा होतो. याला 'हिंज फ्रॅक्चर' म्हणतात. मोटारसायकलस्वाराचं फ्रॅक्चर हे त्याचंच दुसरं नाव. एवढं सगळं होऊन चेहरा जसाच्या तसा असू शकतो. बाहेर दिसतं ते इतकंच, की कानातून किंवा नाकातून रक्त आलं होतं आणि डोळ्यांभोवती काळंनिळं झालंय.

त्या रक्ताबद्दल गावोगाव एक समजूत आहे. "रक्त बाहेर पडलं ते बरं झालं, आत साचलं असतं तर अवघड होतं." मार लागल्यावर कानातून रक्त येणं ही तळ फुटल्याची खूण असू शकते, सुटकेची नव्हे. आणि त्या कानात कापूस कोंबायचा नसतो.

वेडीवाकडी गाडी मारणारे, प्यायलेले, शर्यत लावणारे माझ्या टेबलावर आले नाहीत असं नाही. पण वर्तमानपत्र वाचून वाटतं तेवढे ते नव्हते. माझ्या मनात रुतून बसल्या त्या मागच्या सीटवरच्या बायका.

चाळिशी-पन्नाशीची बाई. साडी नेसलेली, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेली, एका हातात पिशवी, कधी मांडीवर नातू. गाडी नवरा चालवतोय, नाहीतर मुलगा किंवा पुतण्या. माहेरी, लग्नाला, बाजाराला, सोनोग्राफीला. वेग तीस-पस्तीसचा. पुढे गतिरोधक येतो, मागच्या कुठल्याशा अपघातानंतर गावकऱ्यांनी चिडून रातोरात घातलेला, त्याला ना पांढरे पट्टे ना फलक. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, तो दचकतो आणि सावरतो. बाईच्या हातात पिशवी असते. ती उडते आणि पाठीमागे, डोक्यावर पडते. चालवणाऱ्याला कधी कधी थोडं पुढे गेल्यावर, गाडी हलकी वाटली म्हणून कळतं. कुणाला धडक नाही, गाडी घसरलेली नाही, आरसासुद्धा शाबूत.

अशा बाईच्या डोक्यात जे सापडतं ते पहिल्यांदा बघणाऱ्याला चकवतं. मार लागलेला असतो डोक्याच्या मागे आणि मेंदू फाटलेला असतो पुढे, कपाळाच्या आत. पडणारं डोकं जमिनीला टेकून थांबतं, आतला मेंदू त्याच क्षणी थांबत नाही. त्यात कवटीच्या पुढच्या भागाचा तळ गुळगुळीत नसतो, नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्यासारखा खरबरीत असतो. त्यावरून मेंदूची खालची बाजू घासली जाते. कपाळाच्या कातडीला टिकली लावावी एवढंही काही झालेलं नसतं.

हेच उलटं झालं, म्हणजे स्थिर डोक्यावर कुणी काठी किंवा दगड घातला, तर मेंदूला इजा होते ती प्रामुख्याने माराच्या खालीच. हलतं डोकं थांबलं तर पलीकडच्या बाजूला. त्यामुळे माणूस पडला की त्याला मारलं, हे मेंदू बघून बऱ्याचदा सांगता येतं. त्या संशय घेणाऱ्या भावाला माझ्याकडे उत्तर असायचं ते हे. जावयाकडे बोट दाखवून आलेल्या माहेरच्या माणसांना मी बाजूला घेऊन, कागदावर डोक्याचं चित्र काढून समजावलेलं आहे की या पडल्याच आहेत. ते ऐकून घेतात. चित्राकडे बघत एखादा म्हणतो, "एवढ्याशा उंचीवरून?"

बायका एका बाजूला का बसतात यावर शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. नऊवारी असो की सहावारी, ती नेसून दोन्हीकडे पाय टाकून बसणं जमत नाही, आणि सासऱ्यांसमोर तर मुळीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि मागचं चाक निम्मं झाकणारं संरक्षण हे सगळं लिहिलेलं आहे. पण हल्लीच्या काही गाड्यांची मागची सीट बघा. अरुंद, उंच, पुढे उतरती. कॉलेजच्या पोरांसाठी आखलेली ती सीट, आणि तिच्यावर बसते त्या पोराची आई.

अशा पडण्यातून हेल्मेट वाचवू शकतं. काही मरणं मात्र त्याच्या हातातली नसतात, आणि ते न सांगणं लबाडी होईल. आमच्याकडे उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचे अपघात बदलायचे. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, ऊस फाळक्याच्या बाहेर आलेला. टायर फुटला की ती ट्रॉली रस्त्यातच उभी, चाकामागे दगड लावून. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर येतो, तो जाईपर्यंत दुचाकी ट्रॉलीच्या मागच्या लोखंडात घुसलेली असते. तिथे चेहरा, मान, छाती सगळंच एकदम जातं. अशा मयताच्या नातेवाइकांना हेल्मेटबद्दल बोलण्याचा मला काय अधिकार? तिथे बोलायचं ते कारखान्याशी, ट्रॉलीमालकाशी आणि ती ट्रॉली वजनकाट्यावर रोज बघणाऱ्यांशी. मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावायला किती खर्च येतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आणि एक मरण असं, की ते बघून हळहळ जाता जात नाही. पोरगा पडतो, क्षणभर शुद्ध हरपते. उठतो, कपडे झटकतो, गाडी उचलून स्वतः चालवत घरी येतो. चहा घेतो. डोकं दुखतंय म्हणतो. एक उलटी होते, घरचे म्हणतात घाबरला असेल, झोपू दे त्याला. सकाळी तो उठत नाही. कानशिलाचं हाड फार पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते, आणि हाड व मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत राहतं. रक्त जागा मागतं, कवटी जागा देत नाही, मग मेंदू दाबला जातो. मधले काही तास माणूस अगदी चांगला बोलतो-चालतो, हीच यातली फसगत. अशा वेळी मेंदूला स्वतःला फारसं काही झालेलं नसतं. सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन वेळेत मिळाले, तर कवटी उघडून तो रक्ताचा गोळा काढता येतो आणि पेशंट चालत घरी जाऊ शकतो. तेव्हा डोक्यावर पडून शुद्ध गेली होती, पुन्हा पुन्हा उलट्या होतायत, डोकेदुखी वाढतेय, माणूस बरळतोय किंवा पेंगतोय, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, यातलं काहीही असलं तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. १०८ला फोन करायचा आणि जिथे सीटी आणि मेंदूची शस्त्रक्रिया होते तिथेच न्यायचं, मधल्या चार दवाखान्यांत थांबत नव्हे.

माझा पुण्याचा दीर म्हणतो, "वहिनी, तुमचं हायवेचं वेगळं. पुण्यात वेग मिळतोय कुणाला? वीस-पंचवीसने रांगायचं, त्याला कशाला हेल्मेट?" पुण्यात हा युक्तिवाद पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. जानेवारी २०१९मध्ये पोलिसांनी सक्तीची अंमलबजावणी सुरू केली तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीने दुचाकींवरून मोर्चा काढला, आणि काहींनी निषेध म्हणून पुणेरी पगड्या घातल्या होत्या. मला त्याचं हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं. म्हणजे डोक्यावर वजन घेऊन गाडी चालवता येते तर!

दिराला मी हिशोब करून दाखवला. दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीडेक मीटरवर असतं. सिग्नलला थांबलेली गाडी कलंडली आणि डोकं सरळ खाली आलं, तर रस्त्याला लागताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या जवळपास असतो. गाडीचा वेग शून्य असताना! हा वेग पृथ्वी देते, त्याला एक्सलरेटर लागत नाही. गतिरोधकावरून उडालेल्या बाईला तर वर फेकलं गेल्याची उंचीही मिळते. तो म्हणाला, "बरोबर आहे, पण पुण्यात आधी खड्डे बुजवा." बुजवावेतच की. खड्डे बुजवणं आणि हेल्मेट घालणं या काही एकमेकींच्या सवती नव्हेत.

विरोध करणाऱ्यांचं सगळंच उडवून लावण्यासारखं नाही. मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा हेल्मेट नको वाटतं, हे खोटं कसं म्हणू? गाडी लावून बाजारात जायचं तर ते सांभाळायचं कुठे, हाही प्रश्न खरा. मानेच्या मणक्यांचं भय मात्र बिनबुडाचं आहे. हेल्मेटमुळे मानेच्या दुखापती वाढतात असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. उलट वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २००८मध्ये आढावा काढला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. कवचकुंडलं नव्हेत ती, पण एवढा फरक पाडणारं औषध माझ्या ओपीडीत आलं असतं तर मी ते पाण्यासारखं वाटलं असतं.

हेल्मेटमध्ये काम करतो तो थर्माकोल. बाहेरचं टणक कवच मार पसरवतं, पण मार खातो तो आतला दोन-तीन सेंटिमीटरचा थर्माकोलचा थर. तो चेपतो, आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला थोडी जागा देतो. उघडं डोकं रस्त्यावर आपटलं तर थांबायला मिळते ती कातडीची जाडी, काही मिलिमीटर. सगळं शास्त्र एवढंच. म्हणून रस्त्याकडेला दोनशे रुपयांत घेतलेल्या हेल्मेटचं आतलं कापड उचलून बघावं. खाली नुसता स्पंज असेल तर ती प्लास्टिकची वाटी आहे, पोलिसाला दाखवायची. आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट विकणं १ जून २०२१पासून बेकायदा आहे, तरी ती वाटी मिळते. आणि एकदा जोरदार आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत असलं तरी कामातून गेलेलं असतं, कारण चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

पट्ट्याचं तर विचारूच नका. "मयताचे हेल्मेट मयतापासून पंधरा फूट अंतरावर मिळून आले," असलं वाक्य पंचनाम्यात वाचलं की डोकं न बघताच आत काय असणार याचा अंदाज येतो. हनुवटीखाली बक्कल लावायला दोन सेकंद लागतात.

या सगळ्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तोही एका मृत्यूमुळे. अरबस्तानच्या मोहिमेमुळे प्रसिद्ध झालेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स मे १९३५मध्ये इंग्लंडात मोटारसायकलवरून चालला होता. सायकलवरची दोन मुलं वाचवताना पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने गेला. त्याला बघणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे न्यूरोसर्जन होते. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला, १९४१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलात लेख छापला, आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांवर तिथे सक्ती आली ती १९७३मध्ये. म्हणजे साहेबालाही बत्तीस वर्षं लागली. पुणेकरांनी एवढं वाईट वाटून घ्यायला नको.

आपल्याकडे कायदा आहे, १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९, आणि ते मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. पगडी घालणाऱ्या शिखांना सवलत. पुणेरी पगडीला नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स रद्द. तरी नोव्हेंबर २०२४मध्ये मागच्यावरही कारवाई करा असे आदेश महाराष्ट्रात निघाले तेव्हा, कायदा जणू काल रात्री आला अशा थाटात लोक बोलत होते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात देशातले रस्ते अपघाती मृत्यू १,६८,४९१ आहेत, त्यांतले ७४,८९७ दुचाकीवरचे. हेल्मेट नव्हतं अशांची संख्या ५०,०२९, आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७. हा शेवटचा आकडा मी पुन्हा पुन्हा बघते. मात्र 'हेल्मेट होतं की नव्हतं' या रकान्यावर माझा पुरा भरवसा नाही, कारण तो कसा भरला जातो हे मी जवळून पाहिलंय. "मॅडम, हेल्मेट होतं असं लिहा, क्लेमला अडचण येईल," असं हात जोडून सांगणारे असतात. कुणीतरी त्यांना कोर्टाच्या आवारात घाबरवलेलं असतं. नुसतं हेल्मेट नव्हतं म्हणून भरपाई आपोआप कापली जात नाही, त्या चुकीचा मृत्यूशी संबंध दाखवावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मी हेल्मेटबद्दल काहीच लिहीत नाही, कवटीबद्दल लिहिते, एवढं म्हणून मी सही करायची. हवालदार काय लिहायचा ते त्याचं त्याला माहीत.

आता मी ओपीडीच बघते. बीपीच्या गोळ्या न्यायला एक जोडपं दर महिन्याला येतं, चौदा-पंधरा किलोमीटरवरून, मोटारसायकलवर. काकांच्या हातात हेल्मेट असतं, चांगलं, आयएसआयवालं. नवी गाडी घेताना त्याबरोबर हेल्मेट द्यायचं असा नियमच आहे, त्यातलं ते. गाडीबरोबर एकच मिळालं होतं. मी विचारलं, "काकूंचं कुठाय?"

"हिला कशाला? चालवतो तर मी."

काकू म्हणाल्या, "मॅडम, माझा अंबाडा बसतो होय त्यात?"

हा प्रश्न मला गेल्या कित्येक वर्षांत कुणा आमदाराने, अधिकाऱ्याने किंवा हेल्मेटवाल्याने विचारलेला नाही, आणि तो अगदी बरोबर आहे. अंबाडा डोक्याच्या मागे उंच असला तर हेल्मेट मागून उचललं जातं, डोळ्यांवर येतं आणि पट्टा कसा बसवावा ते कळत नाही. मी त्यांना सांगितलं, निघताना सैल वेणी घाला, ती पाठीवर सोडा, पदर कमरेला खोचा. दुकानात डोक्याला घट्ट बसणारा, पण गाल न दुखवणारा नंबर मागा, काकांचं जुनं घेऊ नका, ते तुम्हाला मोठं होईल. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा. पिशवी मधे ठेवा किंवा हुकाला लावा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून एकाने कडी धरा. काका मधेच म्हणाले, "लग्नाला जाताना पण घालायचं का? गजरा माळते ही." काकूंनी गजऱ्यासाठी पर्सचा कप्पा दाखवला.